'हे अंशतः खरे आहे' : आमदाराचा प्रश्न, गृहखात्याचं उत्तर आणि आपण

शेवंता_७३

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आमच्या भागात चार महिन्यांत अकरा दुचाक्या चोरीला गेल्या. सगळ्या रात्री दोन ते चारच्या दरम्यान. पोलीस ठाण्यात गेलं की ठरलेलं वाक्य : "अर्ज लिहून द्या, बघतो." गुन्हा दाखल करून घेत नाहीत. आम्ही सहा बायका आणि दोन निवृत्त काका असे तीनदा जाऊन आलो. शेवटी आमदारांना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं, पीएला सांगितलं, आणि अधिवेशनात खरोखर तारांकित प्रश्न (म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) लागला! यादीची पीडीएफ पीएने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. गावाचं नाव गाळून देते :

"(१) अमुक परिसरात मागील चार महिन्यांत ११ दुचाकी वाहने चोरीस गेल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, नागरिकांच्या तक्रारीवरून गुन्हे दाखल न करता केवळ अर्ज स्वीकारण्यात येत आहेत, हे ही खरे आहे काय,
(३) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे,
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?"

आणि उत्तर :

"(१) हे अंशतः खरे आहे.
(२) हे खरे नाही.
(३) व (४) प्रश्न उद्भवत नाही."

झालं. संपलं. माझे दोन प्रश्न. एक, यातला 'अंश' कुठला? दोन, या सगळ्याचा उपयोग असतो का? काका म्हणतात, "बाई, हे नाटक आहे." मला तसं म्हणवत नाही, पण ती पीडीएफ वाचून संध्याकाळचा चहा कडू झाला.

टवाळ

अंश म्हणजे पुढचं चाक. मागचं चाक तपासावर आहे.

काटकोन

काकांशी सहमत. प्रश्न विचारणारा आमदार, उत्तर देणारा मंत्री, दोघं नंतर कँटीनमध्ये एकाच टेबलावर. आपण पीडीएफ वाचायची.

नाना_खाकी

शेवंताताई, बत्तीस वर्षं पोलिसात काढली, त्यातली शेवटची सहा एसपी ऑफिसच्या वाचक शाखेत. असली उत्तरं मी स्वतःच्या हाताने लिहिली आहेत. तेव्हा तुमचा 'अंश' कुठला ते मी सांगू शकतो.

तुमचा प्रश्न आधी मंत्रालयात गृह विभागाच्या कक्ष अधिकाऱ्याकडे जातो. तिथून महासंचालक कार्यालय, तिथून एसपी, एसपीकडून उपविभागीय अधिकारी, आणि शेवटी ठाणं. कागदावर लाल शाईत 'विधानमंडळ - अत्यंत तातडीचे'. संध्याकाळी पाचला आला तर सकाळी दहाला 'मुद्देनिहाय माहिती' वर पोहोचली पाहिजे. ठाण्यात तो कागद कोणाच्या टेबलावर पडतो? ज्याने तुमचे अर्ज घेतले त्याच्याच. मग तो हवालदार काय करतो, तर गुन्हे रजिस्टर उघडतो. तुम्ही म्हणता ११. रजिस्टरला समजा ४. झालं, 'अंशतः खरे'. उरलेल्या सात गाड्या रजिस्टरमध्ये नाहीत, म्हणजे सरकारच्या लेखी त्या चोरीलाच गेल्या नाहीत.

दुसऱ्या मुद्द्याचंही तेच. "गुन्हे दाखल न करता अर्ज घेतात, हे खरे काय?" यावर 'होय, आम्ही गुन्हे दडवतो' असं कोण लिहून देईल? 'हे खरे नाही' लिहायला अर्धा मिनिट लागतो आणि वर कोणी विचारत नाही. आणि (२) ला नाही म्हटलं की (३), (४) आपोआप उद्भवत नाहीत.

ज्याने प्रश्न लिहिला त्याने होय-नाहीचा लिहिला, इथे गफलत झाली. आकडा विचारा. 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वाहनचोरीसंबंधी किती अर्ज प्राप्त झाले, त्यांपैकी किती प्रकरणी गुन्हे नोंद झाले, उर्वरित अर्जांवर काय निर्णय घेतला.' आकड्याला 'खरे नाही' म्हणता येत नाही. तिथे आम्ही घाम गाळायचो.

काटकोन

म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यालाच विचारायचं की बाबा रे, तू चुकलास का? वा! आणि नाना, तुम्ही हे सहा वर्षं केलंत आणि आता इथे शहाणपण शिकवताय.

नाना_खाकी

केलं. पोट होतं. शिव्या द्या, हरकत नाही. पण ठाण्यात गुन्हा का दडवतात तेही ऐका. दर महिन्याला क्राईम मीटिंग असते. त्यात साहेब विचारतो, "तुमच्याकडे चोऱ्या वाढल्या कशा?" उघडकीस आणायचं प्रमाण घसरलं की पीआयची सर्वांसमोर खरडपट्टी. मग आकडा वाढू न देण्याचा सोपा उपाय म्हणजे नोंदच न करणं. तोच आकडा पुढे राज्याच्या आणि एनसीआरबीच्या (देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारं केंद्राचं कार्यालय) 'क्राईम इन इंडिया' अहवालामध्ये जातो आणि कोणीतरी सभागृहात उभं राहून सांगतो की गुन्हे घटले. आमदाराने विचारायचं ते हे : नोंद वाढली म्हणून पीआयला का झापता?

मीनलगो

नानांचा हा शेवटचा मुद्दा फ्रेम करून लावावा असा आहे.

कायदाबियदा

शेवंताताई, सभागृह राहू द्या बाजूला, आधी हातातलं हत्यार वापरा.

ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय की माहितीवरून दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. वाहनचोरी दखलपात्र आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिचं कलम १७३ बघा. हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे. चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने ठाण्यात ही पळवाट तुम्हाला सांगतील. सांगितली तर परवानगीचा कागद मागा. ठाण्याने नाकारलं तर १७३(४) खाली एसपींना पोस्टाने अर्ज, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकारी.

एक महत्त्वाचं. 'अर्ज' हा शब्द अर्जावर लिहू नका. 'फिर्याद' लिहा, आणि पोचवर शिक्का आणि तारीख घ्या.

शेवंता_७३

पोच!! तिन्ही वेळा मागितली. "ताई, विश्वास नाही का?" असं विचारलं. आणि आता उत्तर आल्यावर पुन्हा गेलो तर नवीन आलेले अंमलदार म्हणाले, "आधी तुम्ही कधी आलेलाच नाहीत." आठ माणसं! त्यातल्या एक काकू वॉकर घेऊन येतात, त्या विसरण्यासारख्या नाहीत.

टवाळ

वॉकर चोरीला गेला का? तर बारावी गाडी म्हणून धरता येईल.

(हलके घ्या.)

विधानभवन_वारी

बऱ्याच दिवसांनी माझ्या पेशातला धागा निघाला. मी नऊ वर्षं एका आमदारांचा पीए होतो. पक्ष विचारू नका, सांगणार नाही.

प्रश्न तयार कसा होतो? निम्मे प्रश्न वर्तमानपत्राच्या कात्रणावरून. म्हणून ती ठरलेली भाषा असते, "दिनांक अमुक रोजी वा त्यासुमारास निदर्शनास आले". 'त्यासुमारास' का, तर तारीख चुकली तरी प्रश्न पडू नये. शेवटचा 'विलंबाची कारणे काय आहेत' हा मुद्दा तर टाइप करावाच लागत नाही, फाइलमध्ये आधीपासून असतो. तुमच्या पीएनेही तेच केलंय. नाना म्हणतात ते शंभर टक्के बरोबर, आकडा मागायला हवा होता, पण आकडा मागायला आधी मतदारसंघातून माहिती लागते आणि ती जमवायला पीएकडे वेळ नसतो. त्याच दिवशी तो बदलीची तीन पत्रं आणि लग्नाच्या सात पत्रिका सांभाळत असतो.

आता यादी. एका दिवसाच्या यादीत ढिगाने प्रश्न. प्रश्नोत्तराच्या तासात तोंडी चर्चेला येतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांची उत्तरं नुसती छापील, पटलावर. तुमचा बहुधा त्यातलाच. आणि छापील उत्तर हे खरं उत्तरच नसतं. खरी मजा उपप्रश्नात.

एक प्रसंग डोळ्यासमोर आहे. पोलीस वसाहतींच्या दुरुस्तीवर प्रश्न होता. मंत्र्यांच्या हातात जाड टिपणी, संभाव्य उपप्रश्न आणि त्यांची उत्तरं सगळी तयार. आमच्या साहेबांनी उभं राहून एवढंच विचारलं, "दुरुस्ती झाली असं आपण म्हणता, तर त्या इमारतीत आज किती कुटुंबं राहतात?" टिपणीत ते नव्हतं. अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून एक चिठ्ठी निघाली, शिपायाच्या हातून मंत्र्यांकडे गेली. मंत्र्यांनी वाचली, उलटी करून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं. "अध्यक्ष महोदय, ही माहिती मी पटलावर ठेवतो." सभागृह हसलं. इमारत रिकामी होती, धोकादायक म्हणून आधीच खाली केलेली! ती उलटी केलेली चिठ्ठी मी आयुष्यात विसरणार नाही.

म्हणून काकांना सांगा, नाटक आहे खरं, पण संहितेबाहेरचा एक संवाद आला की नट उघडा पडतो.

काटकोन

आणि पुढे? इमारत बांधली?

विधानभवन_वारी

मी सोडलं तोवर नाही.

काटकोन

माझं म्हणणं संपलं.

नागपूरकरीण

आमच्याकडे हिवाळी अधिवेशन म्हणजे डिसेंबरात रस्ते बंद, मोर्चे, आणि गावभर पाहुणे. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातून एकदा सरकार इकडे येतं, तेवढीच मायमाउलीची भेट. पण मला सांगायचंय वेगळंच. बंदोबस्ताला राज्यभरातून जे पोलीस येतात ना, ते बघवत नाहीत. आमच्या घरासमोरच्या मंगल कार्यालयात शंभरेक जण उतरले होते. दहा-बारा अंशांची थंडी, जमिनीवर सतरंजी. एक पोरगी, महिला शिपाई, सकाळी पाचला आमच्याकडे गरम पाण्याची बादली मागायला आली. आत विधानभवनात पोलिसांच्या कामावर प्रश्न, आणि बाहेर त्याच पोलिसाला आंघोळीला पाणी नाही. यावर कोणी लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) लावते का?

नाना_खाकी

लावतात हो, दरवर्षी कोणीतरी लावतं. पोलिसांचे कामाचे तास हा गृहखात्याचा हक्काचा प्रश्न आहे. आम्ही बारा तासांची पाळी करायचो आणि सणासुदीला ती पाळी कधी संपायची ते सांगता यायचं नाही. २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. एका शिपायानेच मांडलेली कल्पना होती ती, आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी उचलून धरली. नंतर ती मुंबईतल्या इतर ठाण्यांत नेली. हे मात्र कुठल्या तारांकित प्रश्नामुळे झालं नाही, आतल्या माणसाने हिशेब करून दाखवला म्हणून झालं. मनुष्यबळ तेवढंच, फक्त पाळ्या नीट लावल्या.

नागपूरच्या त्या पोरीला पाणी दिलंत, तुमचं भलं होवो.

जुनंपानं

थोडं अवांतर, पण मोह आवरत नाही.

प्रश्न विचारायचा हक्क आपल्याकडे १८९२ च्या कायद्याने आला, तोही अर्धवट. आधी लेखी सूचना द्यायची, अध्यक्ष नाकारू शकत, आणि उपप्रश्न विचारायची सोयच नव्हती. वारी, तुमची ती चिठ्ठी तेव्हा निघालीच नसती! उपप्रश्न आला १९०९ च्या सुधारणांत, तोही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्याला.

लोकमान्य टिळक १८९५ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून गेले. १८९७ मध्ये त्यांना राजद्रोहाखाली अटक झाली तेव्हा ते त्या मंडळाचे सभासद होते. रँडच्या खुनानंतर सरकारने पुण्यात जादा पोलीस आणून बसवले आणि त्यांचा खर्च शहराच्या माथी मारला. म्हणजे पोलीस त्यांचे, पहारा आमच्यावर, आणि बिलही आम्हालाच. गोखले पुढे त्याच मंडळावर होते. १९०१ मध्ये जमीन महसुलाच्या विधेयकावर फिरोजशहा मेहतांसोबत ते सभागृहातून बाहेर पडले. आज ज्याला आपण सभात्याग म्हणून नावं ठेवतो त्याचा हा पूर्वज. तेव्हा त्याला मोल होतं, कारण रोज होत नव्हता.

टवाळ

१८९७ मध्ये टांगे चोरीला जात होते का, एवढं सांगा म्हणजे धागा विषयावर येईल.

मीनलगो

जुनंपानं, मस्त. पण मला एक शंका. आमचे खासदार फार बोलके आहेत. हा प्रश्न लोकसभेत का नाही विचारायचा? तिथे टीव्हीवर तरी दिसतं.

कायदाबियदा

कारण उत्तर आधीच छापून ठेवलेलं आहे : "'पोलीस' आणि 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचे विषय आहेत." केंद्रीय गृहखात्याची कितीतरी उत्तरं याच वाक्याने सुरू होतात. अपवाद दिल्लीचा, तिथले पोलीस केंद्राकडे. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात, तेही सोडतीने. त्यात तुमच्या आळीतली स्कूटर बसायची नाही.

धडाडी

प्रश्न बिश्न काही नाही. २००५ मध्ये प्रश्न विचारायला पैसे घेतले म्हणून ११ खासदार घालवले ना संसदेतून? हा धंदा आहे.

जुनंपानं

घालवले, हे लक्षात घ्या. प्रश्नाला किंमत होती म्हणूनच कोणी मोजायला तयार झालं. आणि दुसरी बाजूही सांगतो. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांत पैसे का घातले, हा लोकसभेत साधा प्रश्न होता. फिरोज गांधींनी, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्याच खासदाराने, तो लावून धरला. न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. स्वतःच्या सरकारला असं विचारणारे आता किती?

धडाडी

तुमच्या लाडक्या पक्षाच्या काळात गृहखातं काय दिवे लावत होतं ते माहीत आहे सगळ्यांना.

काटकोन

आणि तुमच्या लाडक्यांच्या काळात?

धडाडी

सुरुवात कोणी केली?

संपादक_मंडळ

तीन प्रतिसाद उडवले आहेत. धाग्याचं काश्मीर करू नका. धागा प्रश्न विचारण्याबद्दल आहे, कोणाचं सरकार चांगलं याबद्दल नाही.

विधानभवन_वारी

संपादकांचे आभार. धडाडींच्या मुद्द्यातलं एक मात्र खरं, विचारणारा कोण हे महत्त्वाचं. २०२४ च्या निकालात विधानसभेत विरोधातल्या एकाही पक्षाला २९ जागा, म्हणजे २८८ च्या दहा टक्के, मिळाल्या नाहीत, त्यावरून विरोधी पक्षनेतेपदाचा घोळ झाला. विरोधी बाकं विरळ असली की प्रश्नांची धार सत्ताधारी बाकांवर अवलंबून राहते. आणि गंमत म्हणजे पोलिसांबद्दल सगळ्यात तिखट प्रश्न कित्येकदा सत्ताधारी आमदारच विचारतात, कारण ठाण्यात त्यांचंही कोणी ऐकत नसतं.

काटकोन

हे पहिलंच वाक्य आहे जे मला पटलं.

माहितीचा_किडा

ताई, माहिती अधिकार टाका. त्या कायद्यात ८(१)(ञ) ला एक सुंदर शेपूट आहे : जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणालाच नाकारता येणार नाही. आमदाराला जे मिळतं ते तुम्हालाही मिळायला हवं.

कायदाबियदा

किडेसाहेब, ते शेपूट कापलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने ते पूर्ण कलमच बदललं, त्यात परंतुक गेलं. तरी किती अर्ज आले, किती गुन्हे नोंदले ही आकडेवारी वैयक्तिक माहिती नाहीच, ती मागा.

माहितीचा_किडा

अरेरे. मी अजून जुन्याच अर्जात ते वाक्य चिकटवत होतो. धन्यवाद.

सुलभाक

कोणी पोलीस तक्रार प्राधिकरणाचं नाव घेतलं नाही अजून. प्रकाश सिंग खटल्याचा निकाल २००६ चा. त्यात सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले : अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळे करणं, तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण वगैरे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून ते आणलं. आठ वर्षं लागली, पण आणलं. माझ्या भावाच्या प्रकरणात आम्ही तिकडे गेलो होतो. तारखा पडत राहिल्या, पण एक गोष्ट झाली : ज्या अधिकाऱ्याने आम्हाला खुर्ची दिली नव्हती त्याला आमच्या शेजारच्याच खुर्चीवर बसून खुलासा द्यावा लागला. निकाल काय लागला ते सांगत नाही, भाऊ वाचतो इथे.

नाना_खाकी

शेवंताताई, तुमची ती "तुम्ही आलातच नाही" वाली गोष्ट डोक्यातून जात नव्हती. त्यावर उपाय आहे. ठाण्यातले कॅमेरे.

कायदाबियदा

नाना!! अगदी बरोबर. परमवीर सिंग सैनी खटला, २ डिसेंबर २०२०. प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही, आत येण्या-जाण्याच्या जागा, लॉकअप, व्हरांडा, स्वागतकक्ष सगळीकडे. आवाजासकट. आणि चित्रीकरण १८ महिने साठवायचं, ती सोय नसेल तर जास्तीत जास्त जितकं जमेल तितकं, पण वर्षाच्या खाली नाही. हा आदेश मुख्यतः कोठडीतल्या छळासाठी होता, पण वॉकरवाल्या काकू त्यात दिसायलाच हव्यात.

विधानभवन_वारी

घ्या, मसुदा करून देतो. पीएला हाच पाठवा, त्याचं काम वाचेल :

"(१) अमुक पोलीस ठाण्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दिनांक २ डिसेंबर, २०२० च्या आदेशानुसार बसविण्यात आलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची संख्या किती व त्यांपैकी दिनांक … रोजी प्रत्यक्ष कार्यान्वित किती,
(२) उक्त कॅमेऱ्यांचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने चित्रीकरण कोणत्या दिनांकाचे आहे,
(३) दिनांक … ते … या कालावधीत वाहनचोरीसंबंधी प्राप्त अर्जांची संख्या व त्यांपैकी नोंद गुन्ह्यांची संख्या किती ?"

नाना_खाकी

(२) वाचून जुन्या सवयीने पोटात गोळा आला. 'साठवणूक क्षमता किती' विचारलं असतं तर '१८ महिने' लिहून मोकळे झालो असतो. 'सर्वांत जुने कोणत्या तारखेचे' याला मशीन उघडून बघावंच लागतं.

टवाळ

(४) उघडल्यावर मशीन चोरीला गेल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय?

शेवंता_७३

मंडळी, उशिरा लिहितेय, क्षमस्व. मधे मुलीचं बाळंतपण होतं (मुलगा झाला).

मसुदा घेऊन आमदारांकडे गेलो. त्यांनी वाचला, पीएकडे बघितलं, म्हणाले, "हे कोणी लिहिलं? याला कामाला घ्या." प्रश्न पुढच्या अधिवेशनासाठी दिलाय. लागेल की नाही ते सोडतीवर.

पण त्याआधीच एक झालं. आमदारांच्या कार्यालयातून की कुठून, तो मसुदा ठाण्यात पोहोचला असावा. ठाण्यातून मलाच फोन! "ताई, फिर्याद द्यायची होती ना तुम्हाला? या, घेऊन टाकू." सातपैकी पाच गुन्हे नोंदले गेले. दोघांकडे गाडीचे कागदच नव्हते, ते राहिले. पोच मिळाली, शिक्क्यासह. वॉकरवाल्या काकूंनी मुद्दाम कॅमेऱ्याकडे बघून हात केला. आणि गेल्या आठवड्यात आमच्या काकांची, तेच 'नाटक आहे' म्हणणारे, स्कूटर सापडली. ठाण्याच्या मागच्या आवारात उभी आहे. बॅटरी नाही, आरसे नाहीत, सीट फाटलेली, चाकांत गवत.

टवाळ

स्कूटर सापडली, हे अंशतः खरे आहे.

काटकोन

बरं, मानलं. पण प्रश्न सभागृहात न जाताच काम झालं, हे माझ्या बाजूचं धरा की तुमच्या?

विधानभवन_वारी

काटकोन, जाऊ शकतो म्हणूनच झालं ना. पण उत्तर येऊ दे, मग बघू. पाच गुन्हे नोंदले म्हणून (३) चा आकडा आता चांगला दिसेल, आणि नेमके त्यावर उपप्रश्न विचारायचा : नोंद कोणत्या तारखेला केली?

शेवंता_७३

काकांचा प्रश्न आहे, ते इथे वाचतायत. स्कूटर ताब्यात कशी घ्यायची? ठाण्यात म्हणतात कोर्टातून आणा.

कायदाबियदा

बरोबर सांगतात. दंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल सुपूर्दनाम्यावर मिळण्यासाठी अर्ज, नव्या संहितेत कलम ४९७ आणि ५०३ बघा. आरसी आणि विम्याची प्रत जोडा. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ मध्येच सांगितलंय की वाहनं ठाण्यात सडत ठेवू नका, फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि परत द्या. अर्जात त्याचा उल्लेख करा. स्वतः अर्ज करता येतो, पण जवळचा कोणी वकील असेल तर हेलपाटे वाचतील.

नाना_खाकी

आणि काका, ताबा घेण्याआधी चासी नंबर स्वतः ताडून बघा. गवत उपटून बघा. जाताना जुनी चावी आणि हवेचा पंप बरोबर न्या, आवारातून रस्त्यापर्यंत ढकलायला दोन माणसं लागतील.